चंचीतल्या गोळ्या

भांडण सुरू झालं ते आप्पाच्या गुडघ्यावरून.

आप्पा म्हणजे माझ्या शेजारच्या खाटेवरचा गडी. दौंडचा. उभा जन्म रेल्वेत काढलेला, त्यामुळं चहाला जरा उशीर झाला की "गाडी लेट हाय का आज?" म्हणून स्वयंपाकघराकडं तोंड करून ओरडतो. मी वडगाव रासाईचा, भीमेकाठचा. आम्ही राहतो ते केंद्र न्हावऱ्याच्या पुढं, चौफुल्याकडं जाणाऱ्या रस्त्याला लागून आहे. ज्यांना उठाबसायला, अंघोळीला, औषधाला दुसऱ्याचा हात लागतो अशी म्हातारी माणसं इथं असतात. खिडकीतून रस्ता दिसतो, हंगामात उसाचे ट्रॅक्टर दिसतात, आणि कुणाचा ऊस किती बारीक पडलाय ते बसल्याजागी बोलता येतं.

मला इथं कुणी आणून टाकलेलं नाही. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. पोरगा सणसवाडीला कंपनीत, त्याची भाड्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, आणि जिना असा की शेळीनंसुद्धा खाली उभं राहून इचार करावा. गावी एकटं राहायचं म्हटलं तर सुनेला रोजचे हेलपाटे. मीच म्हणालो, मला अशी जागा बघा, जिथं उंबरा नसंल आन् बोलायला माणूस असंल. जागा मी बघितली, खाट मी निवडली. खिडकीजवळची.

तर आप्पाचा गुडघा. त्या दिवशी सकाळपासून तो कण्हत होता. माझ्या कमरेला चंची असते. पूर्वी तिच्यात पान-तंबाखू असायची. ऑपरेशननंतर डॉक्टरनं तंबाखू बंद केली, पण चंची कशी टाकणार? रिकामी चंची कमरेला बरी दिसत नाही, म्हणून मी तिच्यात माझ्या गोळ्यांची पाकिटं ठेवायला लागलो. प्रेशरची, साखरेची, गुडघ्याची. दोरी ओढली की तोंड उघडतं, दोरी ओढली की बंद. मी गुडघ्याची एक गोळी काढून आप्पाच्या हातावर ठेवली.

"घे. मला गुण आला."

आमच्या गावाकडं गुण आलेली गोळी कुणी एकट्यानं खात नाही. आप्पानंही आढेवेढे घेतले नाहीत. तोंडात टाकली, वर पाणी प्याला, आणि तेवढ्यात सिस्टर दारात.

सिस्टर बाई दौंडहून स्कूटरवर येतात. सरकारी दवाखान्यात बरीच वर्षं नोकरी करून आता इथं. बोलणं शुद्ध, आवाज बारीक. ओरडत नाहीत. न ओरडणाऱ्या माणसाशी भांडायला फार जड जातं.

"आबा, काय दिलंत त्यांना?"

"गोळी."

"कसली?"

"गुडघ्याची. त्याचाबी गुडघाच दुखतोय."

"गुडघा दोघांचाही असेल. पोट त्यांचं वेगळं आहे. त्यांना अल्सर होऊन गेलाय, माहीत आहे तुम्हाला?"

"त्यानं सांगितलं न्हाई."

"तुम्ही विचारलंत?"

मी आप्पाकडं बघितलं. आप्पा छताकडं बघायला लागला. म्हणाला, "बाई, मी आपली दिली म्हणून घेतली. माणूस येवढ्या प्रेमानं देतोय तर न्हाई कसं म्हणायचं?"

संध्याकाळपर्यंत त्याच्या पोटात आग पडली. सारखं थंड दूध पीत होता आणि माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. प्रेम तेवढ्यात संपलं होतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टरनी सगळ्यांना सांगितलं की आता कुणीच आपल्यापाशी औषध ठेवायचं नाही. औषधाची ट्रॉली येणार. ट्रॉली म्हटल्यावर आमच्या डोळ्यापुढं उसाचीच येते. ही माणसाच्या कमरेएवढी उंच, खाली चाकं, खणाखणाला नंबर आणि वर कुलूप. इथं काम करणाऱ्या पोरींना सिस्टर गोळ्या द्यायला शिकवणार, ज्या पास होतील त्यांच्या हातात ट्रॉली, आणि गोळी मिळायची ती ट्रॉलीतूनच. सगळ्यांनी आपापली पाकिटं आणून दिली. आप्पानं तर उशीखालची, गादीखालची, टोपीतली, अशी एवढी काढली की सिस्टर बघतच राहिल्या.

मी चंचीची दोरी घट्ट ओढली.

यात हट्ट होता, व्हय. पण नुसता हट्ट नव्हता. शेत मी पोराच्या स्वाधीन केलं. विहिरीवरच्या मोटारीचं बटण आता वाटेकरी दाबतो. कांदा कधी काढायचा ते मला फोनवर कळतं, काढून झाल्यावर. उठायला काठी, अंघोळीला माणूस. माझ्या एकट्याच्या हुकमातलं म्हणावं असं कमरेची चंचीच काय ती उरली होती. कधी कुठली गोळी घ्यायची ते मी ठरवायचो, मी काढायचो, मी घ्यायचो. तीही दुसऱ्याच्या कुलपात गेली असती तर मी सकाळी उठून करायचं काय?

पोराला फोन केला. तो म्हणाला, "आबा, देऊन टाका की. आमच्या कंपनीत साधा पाना घ्यायचा तर सही करावी लागती."

"तुझी कंपनी तुझ्यापाशी," म्हणालो आणि फोन ठेवला.

सिस्टर माझ्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसल्या. "आबा, एक सांगू? आपली गोळी आपण नीट घेऊ शकतो, हे ज्याला दाखवता येईल त्याच्याकडं औषध ठेवायला माझी ना नाही. पण दाखवावं लागेल. पोरींबरोबर शिकायला बसा. त्यांची परीक्षा होईल तेव्हा तुमचीही घेईन. पास झालात तर तुमच्या कपाटाच्या खणाला कुलूप लावून देते, किल्ली तुमच्याकडं."

"आन् नापास झालो तर?"

"तर चंची रिकामी करायची."

आप्पा पलीकडून हसला. "चौथीत शाळा सोडल्याली म्हणतोस. आता घे, पुढचं शिक."

"बसतो," मी म्हणालो.

दुपारची जेवणं झाली, म्हातारी माणसं लवंडली, की जेवणघरात वर्ग भरायचा. समोर बाकावर पोरी, मागं खुर्चीत मी. सिस्टरनी पहिल्याच दिवशी अट घातली होती की मी मधे बोलायचं नाही. ती मी मान्य केली. पाळीन असं म्हणालो नव्हतो.

त्यांनी पंजा वर केला. पाच बोटं, पाच गोष्टी. माणूस बरोबर, औषध बरोबर, मात्रा बरोबर, वेळ बरोबर आणि वाट बरोबर. वाट म्हणजे औषध जायचं कुठून, तोंडातून, डोळ्यातून, की कातडीवर चोळायचं. पाकीट तीनदा वाचायचं. खणातून काढताना, गोळी फोडताना, आणि द्यायच्या आधी. गिळेपर्यंत समोरून हलायचं नाही. दिल्यावर सही, आधी नाही. दुसरीनं काढून ठेवलेली गोळी आपण द्यायची नाही. आणि म्हातारं माणूस म्हणालं की ही माझी नव्हं, तर ते खुळं आहे असं न समजता थांबायचं आणि पुन्हा बघायचं.

"कांद्याला फवारताना आम्ही असंच बगतो," मी म्हणालो. "डबा बगायचा, माप बगायचं, वारं कुठनं हाय ते—"

"आबा."

"बरं, ऱ्हायलं."

पोरींत एक दौंडकडची होती, धनगराघरची. आज्यापर्यंत मेंढरं होती, आता थोडी शेती. आधी ती शिक्रापूरला एका कंपनीत पॅकिंगला होती. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे म्हणून इथं आली. कामाला चपळ, पण घाईची. ट्रॉली मिळाली तर अंघोळी आणि चादरींच्या कामातून सुटका होणार होती, त्यामुळं तिला पास व्हायचंच होतं. आणि तिच्या सरावाला पेशंट कोण? मी. सिस्टर म्हणाल्या, "आबांना नीट गोळी देता आली तर कुणालाही देता येईल." हे मी कौतुक म्हणून घेतलं.

सरावाला लिमलेटच्या गोळ्या होत्या. पोरगी समोर आली.

"आबा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"व्हय गं? सकाळी माझी पाठ चोळलीस तवा नाव म्हाईत नव्हतं?"

ती लाजून सिस्टरकडं बघायला लागली. वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर नाव विचारायचं, हे तिच्याही जिवावर आलं होतं. सिस्टरनी विचारलं, "या केंद्रात आबा किती आहेत?"

पोरींनी बोटांवर मोजलं. मी एक, कोपऱ्यातल्या खोलीतला बहिरा आबा, आणि पुढच्या दारी बसतो तो. आप्पा दोन. मामांचा तर हिशेबच नाही.

"गावात आबा एक असतो," सिस्टर म्हणाल्या. "इथं आबांचं पीक आलंय. 'आबाची गोळी दिली' म्हणालात, तर कुठल्या आबाची? आणि नाव आपण सांगून 'तुम्हीच का ते?' असं विचारायचं नाही. बहिरे आबा कुठल्याही नावाला हो म्हणतात. नाव त्यांच्या तोंडून काढायचं."

मग मी नाव सांगितलं. माझं, बापाचं, आडनाव, गाव, तालुका, जिल्हा, सातबारा वाचल्यासारखं. पोरीनं मानेनं हो हो करत कागदावर ताडून बघितलं आणि लिमलेटची गोळी हातावर ठेवली. मी ती तोंडात टाकली, गालाच्या कोपऱ्यात सारली. चाळीस-पन्नास वर्षं तंबाखूनं घडवलेली जागा होती ती, गोळी अशी बसली की बाहेरून काही कळू नये. वर पाणी प्यालो. ती सही करायला वळली.

मी गोळी काढून तिच्यापुढं धरली. "ही घे. उद्याला उपयोगी पडंल."

पोरी हसून लोळायच्या राहिल्या. तेव्हापासून ती सगळ्यांना म्हणायला लागली, "आ करा. जीभ वर करा. आता गाल दावा." माझ्या एकट्यामुळं सगळ्या केंद्राला गाल दाखवायला लागले. आप्पा म्हणाला, "तू कुठंबी जा, चार मान्सांना तरास दिल्याबिगर ऱ्हानार न्हाईस."

माझी स्वतःची तयारीही चालली होती. पाकिटावर सगळं इंग्रजी. मला मराठी वाचता येतं, इंग्रजी येत नाही, आणि ते मी कुणाला सांगायला जात नाही. मी आपली तोड काढली होती. मेंढराच्या कानाला खूण करतात तशी पाकिटांचे कोपरे कात्रीनं कापून ठेवले होते. सरळ कापलेलं प्रेशरचं, तिरपं कापलेलं साखरेचं, खाच मारलेलं गुडघ्याचं. सिस्टरना मी हे मोठ्या ऐटीत दाखवलं. त्या चष्मा लावून बघत राहिल्या.

"युक्ती चांगली आहे. पण औषधाची मुदत कुठं छापलेली असते, आबा?"

"कुठं?"

"कोपऱ्यात."

धनगराची पोरगी मागून म्हणाली, "आबांनी कान कापला आन् त्यासंगं तारीखबी गेली."

मग सिस्टरनी रंगीत रबरं दिली. लाल रबर प्रेशरला, निळं साखरेला, पिवळं गुडघ्याला. आणि पाकिटावरची मुदत कुठं असते, आकडे कसे बघायचे, ते दाखवलं. आकडे मला कुठल्याही भाषेतले कळतात. गुडघ्याची गोळी दुखल्यावरच, तीही पोटात अन्न असताना. प्रेशरची सकाळी, चुकवायची नाही, आणि चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. साखरेची खाल्ल्यावरच. "उपाशीपोटी ही गोळी घेतली तर साखर खाली जाते," सिस्टरनी पोरींना सांगितलं. "हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस काहीबाही बोलायला लागतं. म्हणून आधी विचारायचं, जेवण झालं का? मगच गोळी." पोरींनी लिहून घेतलं. मी लिहिलं नाही. माझ्या लक्षात राहतं.

परीक्षेच्या सकाळी मी लवकर उठलो. अंघोळ केली. पेटीतलं कडक इस्त्रीचं धोतर काढलं. आणि पटका बांधायला घेतला. पडून राहून हात बिघडलेला, दोनदा बांधला, दोनदा ढिला झाला. आप्पा खाटेवरून बघत होता.

"नवरदेव, लगीन किती वाजताचं?"

"तुझ्यासारखा चड्डीवर जाऊ का परीक्षेला?"

तिसऱ्यांदा नीट बसला. तोवर नाश्त्याची ताटं उचलली गेली होती. स्वयंपाकाच्या मावशींनी भगुणं घासायला काढलं होतं. त्यांच्यापुढं जाऊन "मला वाढा" म्हणायचं? पटका बांधून? माझ्यानं ते झालं नसतं. मी सरळ जेवणघरात जाऊन खुर्चीत बसलो.

माझी परीक्षा आधी झाली. सिस्टरनी एकेक पाकीट पुढं ठेवलं. मी रबर बघून नाव सांगितलं, कशाची, कधी, किती, मुदत कुठली. त्यांनी मधेच रबर नसलेलं एक नवंच पाकीट ठेवलं. मी हात लावला नाही.

"ही वळखीची न्हाई. वळखीची नसंल तर घ्यायची न्हाई, तुमाला इचारायचं."

सिस्टर हसल्या. पोरींनी टाळ्या वाजवल्या. दारात आप्पा काठीवर रेलून उभा होता, त्यानंही मान हलवली. मला वाटलं, आली किल्ली हातात.

"आता या दोघांची एकत्र," सिस्टर म्हणाल्या. "आबांच्या सकाळच्या खऱ्या गोळ्या आजच्यापुरत्या ट्रॉलीत ठेवल्यात. ही देईल, आबा घेतील. मी काही बोलणार नाही."

पोरगी ट्रॉली घेऊन पुढं आली. कपाळावर घाम. नाव विचारलं, मी सांगितलं, तिनं ताडलं. खण उघडला, पाकीट वाचलं. प्रेशरची गोळी दिली, मी घेतली, आ केला, जीभ वर केली, गाल दाखवले, दोन्ही. तिनं सही केली. मग निळ्या रबराचं पाकीट हातात घेतलं.

"आबा, जेवण झालं का?"

"झालं की. मघाशीच."

हे मी म्हणालो असं म्हणण्यापेक्षा ते तोंडातून आलं. आमच्याकडं कुणी "जेवलात का?" म्हणालं की "आत्ताच हात धुतला" हेच उत्तर. लहानपणी आई सांगायची, दुसऱ्याच्या दारात भूक काढायची नाही. नाही म्हणालास तर त्या बाईला चूल पेटवावी लागंल. तेव्हापासून पोटात कावळे ओरडत असले तरी माझं उत्तर तेच.

पोरीनं पाकीट अंगठ्याखाली धरलं. आता दाबणार, गोळी निघणार. पण ती थांबली.

"काय खाल्लं?"

"आं?"

"काय खाल्लं सकाळी?"

"तुला काय करायचंय?"

"सांगा की आबा."

मी सगळ्यांकडं बघितलं. सगळे माझ्याकडंच बघत होते. आता मागं फिरणं म्हणजे... मी पटका सावरला.

"भाकरी. आन् पिठलं."

मग दारातून आप्पाचा आवाज आला. "आरं ए! सकाळी आख्ख्या केंद्रानं पोहे खाल्ले. तुला एकट्याला पिठलं कुठनं आलं? सासरवाडीहून डबा आला का काय?"

जे हसू फुटलं ते थांबेना. पोरी हसल्या, आप्पा हसला, स्वयंपाकाच्या मावशी ओले हात घेऊन खिडकीत आल्या आणि त्याही हसल्या. पोरगी मात्र हसली नाही. तिनं पाकीट परत खणात ठेवलं, कुलूप लावलं, आणि मावशींना म्हणाली, "पोहे उरलेत का? आबांनी न्हाई खाल्लं."

पटका बांधून, सगळ्या वर्गासमोर, मी पोहे खाल्ले. गार झाले होते. मग तिनं कुलूप काढून पुन्हा पहिल्यापासून केलं, नावापासून, आणि गोळी दिली.

"ही पास," सिस्टर म्हणाल्या.

"आन् मी?"

"तुम्ही नापास, आबा."

"कसा काय? समदं बरोबर सांगितलं मी!"

"सगळं बरोबर सांगितलंत. 'माहीत नाही' म्हणाला असतात तर चाललं असतं. 'नाही खाल्लं' म्हणाला असतात तरी चाललं असतं. पण खाल्लं नसताना खाल्लं म्हणालात. मग किल्ली कुणाकडं का असेना, काय उपयोग?"

मी त्यांना आमची रीत समजावून सांगितली. आईचं सांगणं, चूल, दुसऱ्याचं दार. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"रीत चांगली आहे," त्या म्हणाल्या. "पण गोळीला रीत कळत नाही."

मग पोरीला विचारलं, "तुला कसं सुचलं गं?"

ती म्हणाली, "आबा न्हाणीत गेले तवा मी चादरी बदलत होते. नंतर ताटापाशी न्हाई दिसले. आन् आमचा आजाबी असाच व्हता. दिसभर मेंढरामागं उपाशी हिंडून यायचा, आन् कुणी इचारलं तर पोट तट्ट हाय म्हणायचा. म्हणून मी नावावाणी केलं. आपण सांगायचं न्हाई. त्यांच्या तोंडून काढायचं."

सिस्टरनी तिथल्या तिथं सगळ्या पोरींना सांगितलं की आजपासून "जेवलात का?" बंद. "काय खाल्लं?" असं विचारायचं.

मी कुणाशी बोलेनासा झालो. चंची रिकामी झाली. खिडकीकडं तोंड करून बसायचो. आप्पा मागून बोलायचाच. "नापास झाल्याली पोरं मान खाली घालून बसत्यात. तू तर असा बसलायस जसं काय मास्तरच नापास झाला." मी त्यालाही उत्तर दिलं नाही, आणि हे त्याला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी ट्रॉली घेऊन आली. ट्रॉली नवी हातात आलेली, म्हणून तिची चालही बदललेली. "आबा, काय खाल्लं?"

मी पाठ तशीच ठेवली.

"न्हाई सांगितलं तर मला 'दिली न्हाई' असं लिव्हावं लागंल. मग सिस्टर मला इचारतील का न्हाई दिली. मी काय सांगू?"

"सांग, म्हातारा रुसलाय."

"तसं लिव्हायला जागा न्हाई त्यात."

मला हसू आलं. ते दाबायला मी खोकलो, पण तिला कळलं. "उपीट," मी म्हणालो. "ताटलीभर. मीठ कमी."

त्या संध्याकाळी मी सिस्टरना बोलावलं आणि तडजोड मांडली. नदीवर आमच्याकडं पाण्याची पाळी असते. एकाची मोटार दिवसा, एकाची रात्री. भांडण मिटतं, दोघांचं रान भिजतं. "तसं करू," मी म्हणालो. "प्रेशरची गोळी आन् गुडघ्याला चोळायचं मलम माझ्यापाशी. साखरेची न् गुडघ्याची गोळी तुमच्या ट्रॉलीत. प्रेशरच्या गोळीला कुणी इचारत न्हाई जेवलो का, म्हणून तिथं माझ्याकडनं खोटं निघायचं न्हाई."

सिस्टरनी विचार केला. "चंचीत नाही. कुलपाच्या खणात. आणि आप्पांना काही द्यायचं नाही."

"त्याला मी आता पाणीसुद्धा देत न्हाई."

"मी मागितलं का?" आप्पा म्हणाला. दोन दिवसांत मी त्याच्याविषयी बोललेलं पहिलं वाक्य होतं ते, त्यामुळं खूश होऊन म्हणाला.

खणाची किल्ली आली. करदोट्याला बांधली. सकाळी उठून खण उघडायचा, लाल रबराचं पाकीट काढायचं, एक गोळी घ्यायची, कुलूप लावायचं. सिस्टर आठवड्याला येऊन पाकीट बघतात. अजून त्यांना बोट दाखवायला जागा मिळालेली नाही.

आणि साखरेच्या गोळीला पोरगी येते. "आबा, काय खाल्लं?" मग मी सांगतो. भाकरी किती जाड, वरणाला फोडणी होती का नव्हती, भाजीत दोडका ओळखू येत होता का. ती विचारते ते सरकारी कामासाठी, पण मी उत्तर देतो ते मोठ्यानं, आणि खिडकीतून मावशी ओरडतात, "आबा, गोळी घ्या आन् गप बसा!" आता आप्पाही तेच करायला लागलाय. बहिऱ्या आबाला विचारलं की तो गेल्या दिवाळीत खाल्लेलं सांगतो. फेरीला पूर्वीपेक्षा बराच जास्त वेळ लागतो. सिस्टर मला म्हणाल्या, थोडक्यात सांगत जा. मी म्हणालो, बाई, तोंडून काढायचं हा नेम तुमचाच.

परवा सकाळी शेवयांची खीर होती. मला गोड चालत नाही, आणि माझ्यासाठी वेगळं काढलेलं कुणीतरी चुकून उचललं होतं. मी तसाच येऊन खाटेवर बसलो. ट्रॉली आली.

"आबा, काय खाल्लं?"

जुनं उत्तर ओठापर्यंत आलं होतं. मी तिच्याकडं बघितलं, ट्रॉलीकडं बघितलं.

"न्हाई खाल्लं," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. पोरीनं पाकीट खणात ठेवलं, कुलूप लावलं आणि मावशींना हाक मारली. मावशी बडबडत आल्या, की इतका वेळ गप्प का बसलात, तोंड नव्हतं का. पण तव्यावर भाकरी टाकली. ती आली ती गरम, फुगलेली, बरोबर लसणाची चटणी आणि वाटीत दही. पलीकडच्या खोल्यांतून आवाज यायला लागले, "गोळी कवा येनार?" आप्पा म्हणाला, "आवर की लवकर, आमचंबी प्रेशर वाढतंय."

पोरगी ट्रॉलीला टेकून उभी राहिली. मी भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि सावकाश चावायला लागलो. माझं खाऊन होईपर्यंत ट्रॉली तिथून हलणार नव्हती.